रेणुकाचं मोल: 2005 ते 2024

ऑक्टोबर 2005 मध्ये श्री रेणुका शुगर्सचा शेअर 285 रुपयांनी बाजारात आला, तेव्हा परभणीत त्याचं कुणाला फारसं अप्रूप नव्हतं. बेळगावची कंपनी, कर्नाटकातले कारखाने. आपला काय संबंध? पुढे पाथरीजवळ देवनांद्र्याच्या कारखान्यावर याच कंपनीची पाटी लागली आणि संबंध आला. वाणिज्य शाखेच्या मुलांना कंपनीचं मूल्यांकन शिकवताना मी इन्फोसिस आणि हिंदुस्थान युनिलिव्हर सोडून रेणुका धरली, त्याचं पहिलं कारण एवढंच, की मुलांना तिची चिमणी माहीत होती. बाकीची कारणं नंतर कळत गेली.

मूल्यांकन हा तसा आपल्याकडचा जुना विषय नाही. 1992 पर्यंत शेअर किती रुपयांना विकायचा हे कंपनी ठरवत नसे. दिल्लीत बसलेले भांडवल निर्गम नियंत्रक ठराविक सूत्र लावून किंमत सांगत. त्या साली ते कार्यालय बंद झालं आणि कंपनीचं मोल काय हा प्रश्न गुंतवणूकदाराच्या गळ्यात पडला. तरी जिल्ह्याच्या गावी त्याचं शिक्षण पोचायला वेळ लागला. वार्षिक अहवाल फक्त भागधारकाला टपालानं यायचा, म्हणून अहवालापुरता एखादा शेअर घेऊन ठेवणारी माणसं होती. आता अहवाल मोबाइलवर उघडतो, न्यूयॉर्क विद्यापीठाचे अश्वथ दामोदरन यांची व्याख्यानं फुकट ऐकता येतात आणि 2017 च्या नियमांनंतर नोंदणीकृत मूल्यांकनकार हा रीतसर परीक्षा देऊन करायचा व्यवसायही झाला आहे. साधनांची अडचण राहिली नाही. अडचण आहे ती तक्त्याच्या रकान्यात काय भरायचं याची.

रेणुकाची सुरुवात ऐकायला छान आहे. विद्या मुरकुंबी आणि त्यांचे चिरंजीव नरेंद्र हे बेळगावचं मराठी कुटुंब. आंध्रात हिंदूपूरला निजाम शुगर्सचा आजारी कारखाना होता. तो घेऊन, यंत्रं उचलून त्यांनी बेळगाव जिल्ह्यात सौंदत्ती तालुक्यातल्या मुनोळीला आणली आणि तिथल्या ऊस उत्पादकांना भागधारक करून घेतलं. पुढची युक्ती अधिक हुशारीची होती. कारखाना उसाच्या हंगामात चार-पाच महिने चालतो, उरलेलं वर्ष यंत्रं झोपलेली असतात. रेणुकानं बाहेरून कच्ची साखर आणून शुद्ध करायची, बगॅसवर वीज करायची, मळीपासून इथेनॉल काढायचं असं वर्षभराचं काम शोधलं. हल्दिया आणि कांडला बंदराजवळ मोठे शुद्धीकरण कारखाने उभे केले. कल्पना म्हणून यात आजही खोट काढता येत नाही, आणि नेमकी म्हणूनच ही कंपनी शिकवायला चांगली आहे. वाईट धंदा बुडाला तर त्यात शिकण्यासारखं फार नसतं.

वर्गात आम्ही रेणुकाच्या ब्राझीलमधल्या खरेदीपासून सुरुवात करत नाही. आधी एक साधा कारखाना मांडतो. रोजचं गाळप 2500 टन, हंगाम 120 दिवस, म्हणजे 3 लाख टन ऊस. उतारा 10 टक्के धरला तर 30 हजार टन साखर. 2018-19 च्या हंगामात 10 टक्के उताऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, क्विंटलला 275 रुपये होती, म्हणजे उसाचं बिल साडेब्याऐंशी कोटी. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 पासून किलोला 31 रुपये, म्हणजे विक्री 93 कोटी. मधे उरले साडेदहा कोटी. मळी आणि बगॅसचे पैसे त्यात मिळवा, आणि मग पगार, दुरुस्ती, पोती, व्याज सगळं त्यातून काढा. साखर किलोमागे एक रुपयानं उतरली तर 3 कोटी गेले. विक्रीत फरक तीन टक्क्यांचा, उरलेल्या पैशात तीस टक्क्यांना जवळ. एवढं एक गणित हातानं केलं की साखर कंपन्यांचे शेअर असे उड्या का मारतात हे वेगळं सांगावं लागत नाही. खर्चाची मोठी बाजू सरकार ठरवतं, विक्रीची किमान किंमतही सरकार ठरवतं, आणि दोन्ही एकाच वेगानं वाढतील अशी कुणी हमी दिलेली नाही. 2024-25 साठी एफआरपी 340 रुपये झाली, उताऱ्याचा आधार मात्र 10.25 टक्के. किमान विक्री किंमत तेव्हाही 31 वरच होती.

एकदा मी हाच तक्ता फळ्यावर मांडताना पुढच्या पाच वर्षांसाठी 150 दिवसांचा हंगाम धरला होता. मानवतकडची एक मुलगी उठली. "सर, दीडशे दिवस कुठून आणले? जायकवाडीच्या कालव्याला दोन पाळ्या आल्या तर ऊस उभा राहतो का? बाबांनी गेल्या साली निम्मा मोडून सोयाबीन केलं." पुढच्या अर्ध्या तासात वर्गानं मिळून हंगामाचे दिवस हा एक आकडा न ठेवता तीन केले: पाणी भरपूर, पाणी मध्यम, पाणी नाही. तिसऱ्या रकान्यात 60 दिवस लिहिले गेले आणि कारखान्याचं मोल उणे आलं. ऊस निम्मा झाला की उसाचं बिल निम्मं होतं, व्याज आणि कायम कामगारांचे पगार निम्मे होत नाहीत. मुंबईच्या दलाली पेढीतला विश्लेषक हे पुस्तकातून शिकतो. पैठणच्या धरणात किती टक्के पाणी आहे हे आमच्या मुलांना घरी जेवताना कळतं. मॉडेल बनवण्यात परभणीचं पोर मागं का राहावं, मला कळत नाही.

आता ब्राझील. नोव्हेंबर 2009 मध्ये रेणुकानं पाराना राज्यातली वाले दो इवाई ही कंपनी कर्जासह सुमारे 24 कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. फेब्रुवारी 2010 मध्ये त्याहून मोठा घास: साओ पाउलोच्या इक्विपाव्हच्या साखर व्यवसायातला निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा, सुमारे 33 कोटी डॉलरला. युक्तिवाद पटण्यासारखा होता. भारतात ऊस एक वर्ष उतू जातो, पुढच्या वर्षी मिळत नाही. ब्राझीलचा हंगाम आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात येतो. तिथला कारखाना इथल्या शुद्धीकरणाला कच्ची साखर पुरवील. पण महिना बघा. फेब्रुवारी 2010 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कला कच्ची साखर पौंडाला 30 सेंटला होती, जवळपास तीन दशकांतला उच्चांक. मे महिन्यात ती 14 सेंटच्या खाली आली. रेणुकानं पुन्हा बोलणी करून इक्विपाव्हची किंमत उतरवून घेतली, हे त्यांच्या श्रेयाचं मानलं पाहिजे. मात्र किंमत उतरली तरी त्या कंपनीच्या अंगावरचं कर्ज उतरलं नाही.

मुलांना इथं मी थांबवतो, कारण परीक्षेत पास होणारी मुलंही इथंच अडखळतात. कंपनीचं मोल आणि शेअरचं मोल या दोन गोष्टी आहेत. समजा अख्ख्या धंद्याचं मोल 1000 कोटी आणि कर्ज 800 कोटी. भागधारकाचे 200. धंद्याचं मोल नुसतं 20 टक्क्यांनी घसरलं की भागधारकाच्या हाती शून्य, आणि बँक अजून पूर्ण सुरक्षित. आधी कर्जवाल्याचं ताट, मग उरलंसुरलं मालकाचं.

ब्राझीलमध्ये 20 टक्क्यांवर थांबलं नाही. तिथं दुष्काळ आणि हिमदव पडले, उसाचं उत्पादन घसरलं. राष्ट्राध्यक्ष रुसेफ यांच्या सरकारनं महागाई आवरायला पेट्रोलचे भाव दाबून धरले. इथेनॉल पेट्रोलशी स्पर्धा करतं, त्यामुळे त्याचाही भाव दबला. कर्जाचा मोठा भाग डॉलरमध्ये होता आणि इथेनॉल विकलं जात होतं तिथल्या रेआल चलनात. 2010 मध्ये डॉलरला पावणेदोन रेआलच्या आसपास मिळत, सप्टेंबर 2015 मध्ये चार लागू लागले. म्हणजे 10 कोटी डॉलरचं कर्ज एका डॉलरनंही न वाढता साडेसतरा कोटी रेआलचं 40 कोटी झालं. साखर डॉलरात विकली जाते खरी, पण ती तोवर पौंडाला 10-11 सेंटवर आली होती. त्याच सप्टेंबरात रेणुकाच्या ब्राझीलमधल्या कंपन्यांनी न्यायालयाच्या संरक्षणाखाली कर्जफेडीची फेरमांडणी मागितली. मॉडेलमध्ये साखरेचा भाव, पाऊस, चलन असे तीन वेगळे धोके मांडलेले असतात. प्रत्यक्षात ते एकत्र आले, आणि हे योगायोगानं घडलं असं मला वाटत नाही: साखरेचा जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार ब्राझीलच आहे, त्यामुळे तिथलं चलन पडलं की तिथला कारखानदार स्वस्तात विकू शकतो आणि जगाचा भाव पडतो. तक्त्यात भाव आणि चलन हे दोन रकाने एकमेकांना बांधलेले असायला हवेत. मी पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांत ते सुटे असतात.

मधल्या काळात सिंगापूरची विल्मार ही कंपनी रेणुकात आली. फेब्रुवारी 2014 मध्ये शेअरला 20 रुपये 8 पैसे दरानं 517 कोटी घालायचं तिनं ठरवलं. मार्च 2018 मध्ये भारतातल्या कर्जाची फेररचना झाली, त्यात विल्मारनं 16 रुपये 27 पैशांनी 784 कोटी घातले आणि कंपनी तिच्या ताब्यात गेली. मुरकुंबींचं राज्य संपलं.

285 आणि 16.27 हे दोन आकडे शेजारी दिसले की वर्गात लगेच कुणीतरी म्हणतं, चौऱ्याण्णव टक्के पैसे बुडाले. ते चूक आहे. मधे एका शेअरचे दहा झाले होते आणि 2010 मध्ये एकास एक बोनस मिळाला होता. 285 ला घेतलेल्या एका शेअरचे वीस झाले, म्हणून तुलनेचा भाव 14 रुपये 25 पैसे. बारा-साडेबारा वर्षांत 14.25 चे 16.27: लाभांश सोडला तर वर्षाला जेमतेम एक टक्का. तेवढ्या काळात पोस्टात ठेवलेला पैसा दुपटीच्या पुढे गेला असता. पण बुडणं वेगळं आणि वाढ न होणं वेगळं. ज्यांनी 2010 च्या आसपास, बोनसच्या गलबल्यात, शेअर घेतला त्यांचं मात्र खरंच बुडालं. तोच शेअर, तीच कंपनी. हिशेब बदलला तो कुणी कधी घेतला यावर.

पुढचा भाग लवकर आटोपतो. विल्मारच्या काळात शुद्धीकरण आणि इथेनॉल हीच कंपनीची मुख्य ओळख झाली. 2023 मध्ये तिनं उत्तर प्रदेशात अनामिका शुगर मिल्स हा कारखाना दोनशे साडेपस्तीस कोटींना घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली आणि ज्यांच्या तक्त्यात इथेनॉलची ओळ दरवर्षी ठराविक टक्क्यांनी वर चढत होती, त्यांना ती पुन्हा लिहावी लागली.

मार्च 2024 च्या ताळेबंदात रेणुकाची नक्त संपत्ती उणे आहे. म्हणजे पुस्तकी हिशेबानं सगळी मालमत्ता विकून देणी भागवली तर भागधारकाला काही मिळत नाही. त्याच सुमारास बाजारात शेअर 40 रुपयांच्या घरात होता आणि कंपनीचे 212 कोटींहून अधिक शेअर होते, म्हणजे बाजार या शून्याखालच्या पुस्तकी मोलाला आठ हजार कोटींहून अधिक देत होता. काही जण म्हणतील विल्मारचं पाठबळ, काही म्हणतील पुढचं इथेनॉल, काही म्हणतील नुसता सट्टा. माझं मत सांगतो: पाठबळाचं मोल खरं आहे, पण ते विल्मारच्या मर्जीचं मोल आहे, कारखान्याचं नव्हे, आणि मी त्याला एवढे पैसे देणार नाही.

कुणाला हे स्वतः करून बघायचं असेल तर कंपनीचा अहवाल मागच्या पानापासून उघडावा. आधी कर्जाची टीप, मग परकीय चलनाची, मग संभाव्य देण्यांची. अध्यक्षांचं भाषण सगळ्यात शेवटी वाचलं तरी चालतं.