इंटरस्टेलर : कृष्णविवर खरे, करपा लटका

बारामती-इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात आणेवारीच्या वाटाघाटी ऐकत जो वाढला, त्याला ख्रिस्तोफर नोलनच्या २०१४ सालच्या ‘इंटरस्टेलर’मधील अंतराळाहून धूळच अधिक खरी वाटावी, हे स्वाभाविक होय. जेवणाच्या मेजावर ताटे पालथी मांडलेली असतात, एवढ्या एका तपशिलात त्या आपत्तीचे सारे भय साठवले आहे; आणि आरंभी साक्ष देणारे बहुतेक वृद्ध तर १९३० च्या दशकातील अमेरिकेतील धूळवादळे सोसलेलेच आहेत, केन बर्न्स यांच्या माहितीपटातून घेतलेले.

भौतिकीची बाजू भक्कम. पुढे २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून त्यातील कृष्णविवर रेखाटले गेले.

दुबळी आहे ती शेती. एकच करपा गहू, भेंडी आणि मका यांना क्रमाने गिळतो, ही कल्पना कोणत्याही बागायतदारास हसू आणील, कारण गव्हाचा तांबेरा भेंडीवर जात नाही. हा रोग नायट्रोजनवर जगून वातावरणातील प्राणवायू एका पिढीत आटवील, हेही तितकेच अशक्य, कारण तो साठा अफाट आहे. शिवाय चित्रपटात अंतराळयाने उपलब्ध आहेत, पण पीकशास्त्रज्ञ एकही दिसत नाही! प्रत्यक्षात बारामतीजवळ माळेगावला अवर्षण, उष्णता व क्षार सोसणाऱ्या पिकांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे. कालव्याच्या अतिरिक्त पाण्याने जमीन क्षारपड होणे ही खरी, पण संथ आपत्ती. ती पडद्यास मानवत नाही.

चित्रपट मोठ्या पडद्यावर अवश्य पाहावा. पीकशास्त्र मात्र त्यातून शिकू नये.