भूमीच्या पोटातील आवाज

निसर्गातील गूढ म्हणून जे जे सांगितले जाते, त्यात आमच्या पालघर जिल्ह्याने अनुभवलेले एक गूढ अगदी ताजे आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी आणि लगतच्या तलासरी परिसरात जमीन वारंवार थरथरू लागली. पुढे हे धक्के हजारोंच्या संख्येने नोंदले गेले. धक्क्याआधी जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखा आवाज येई. लोक थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून पळताना पडून एका दोन वर्षांच्या बालिकेचा मृत्यू झाला.

उमेळ्याहून हा प्रदेश लोहमार्गाने सुमारे ७० किलोमीटर. त्या भागातील लेकरे आमच्या वसतिगृहात असल्याने भीतीही त्यांच्यासोबत येथे आली. पालकसभेत ‘धरतीमाय कोपली’ असे उद्गार आम्ही ऐकले. म्हणून हा विषय येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम आवाजाविषयी. खडक तुटतो तेव्हा त्यातून दोन प्रकारचे तरंग निघतात. प्राथमिक तरंग वेगवान असतात. ते आधी पोहोचतात आणि जमिनीवरील हवेला हलवतात. भूकंप उथळ असला, तर हे कंपन कानास आवाज म्हणून ऐकू येते. दुय्यम तरंग क्षणभराने येतात, आणि घर हलते ते मुख्यतः त्यांनी. म्हणून आधी गडगडाट, मग हादरा.

आता कारण. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. पुढे सेशेल्सचा भूभाग भारतापासून दुरावला आणि आपली किनारपट्टी ताणली जाऊन तिला भेगा पडल्या. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे आपण ज्या गरम कुंडांत स्नान करतो, त्यांचे पाणी अशाच भेगांतून खोल जाऊन, तापून वर येते. ते देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त असल्याची लोककथा आहे. कथा म्हणून ती ऐकावी. डहाणूत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने भूकंपमापक बसवले. पावसाचे पाणी भेगांत झिरपून तेथील दाब वाढतो आणि आधीच ताणलेला खडक सरकतो, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. भातसा धरणाच्या परिसरात १९८३ मध्ये असेच धक्क्यांचे सत्र झाले होते.

इतिहासाचे अध्यापक म्हणून एक प्रसंग नोंदवतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा होय, असे गांधीजींनी म्हटले. अस्पृश्यतेचे विरोधक असलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यावर आक्षेप घेतला आणि तो ‘हरिजन’ साप्ताहिकात छापूनही आला. अस्पृश्यता हा अपराध होता, हे आमच्याइतके कोणास ठाऊक? तरीही आमचे मत ठाकुरांच्या बाजूचे. जी शिक्षा शोषक आणि शोषित दोघांनाही एकाच ढिगाऱ्याखाली गाडते, तिला न्याय कसे म्हणावे? आणि माणसाने केलेला अन्याय मिटवण्यास महाडचा सत्याग्रह लागला, संविधानाचे कलम १७ लागले. ते काम भूमीवर सोपवून चालले नसते.

मात्र कारण कळले म्हणजे धोका टळला, असे नाही. किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि तेथेही आदल्या वर्षी लहान धक्के बसले होते. बहुतेक सत्रे अशीच विरून जातात. पण कोणते विरेल आणि कोणते मोठ्या धक्क्याकडे जाईल, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तारीख-वेळ सांगणारे संदेश भ्रमणध्वनीवर आले, तर ते पुढे पाठवू नयेत.

किल्लारीत जीव घेतले ते दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि मातीच्या जड माळवदांनी. आमच्या आदिवासी बांधवांचे कारवीच्या कुडाचे घर त्या मानाने हलके. ते मागास समजून पाडण्याची आणि त्या जागी बिनसळईच्या भिंती उभारण्याची घाई होते, तेव्हा आम्हांस काळजी वाटते. पक्के घर अवश्य बांधावे. पण पायाशी, छज्जाशी आणि छताखाली सळईचे काँक्रीट पट्टे घालावेत, कोपरे नीट बांधावेत.

वसतिगृहात आम्ही इतके केले आहे: मुलांच्या उशाशी असलेल्या फळ्यांवरील लोखंडी पेट्या खाली उतरवल्या, कपाटे भिंतीला जखडली, रात्री दाराला कुलूप न लावता केवळ कडी लावण्याचा नियम केला. हादरा बसताच टेबलाखाली शिरून त्याचा पाय धरायचा, थांबल्यावर रांगेने मैदानात यायचे, याचा सराव दर सत्रारंभी होतो. पालकांनी सुटीत मुलांकडून तो घरी करवून घ्यावा, ही विनंती.