पिवळ्या रेषेची सत्तावीस वर्षं

दरवर्षी 18 ऑगस्टला सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. गावात ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे जुने चौथरे पाहुण्यांना दाखवले जातात आणि 1868च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम शोधला, असं आवर्जून सांगितलं जातं. पण त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हतेच. ते इंग्लंडमध्ये होते, ब्रिटिश युद्ध खात्यात कारकुनाची नोकरी करत होते. विजयदुर्गावर ते आले ते तीस वर्षांनी, दुसऱ्याच एका ग्रहणासाठी. ही दुरुस्ती मनापासून करावीशी वाटते, कारण खरी हकिगत विजयदुर्गाचा मान जराही कमी करत नाही.

18 ऑगस्ट 1868ची ग्रहणछाया कोकणकिनाऱ्यावरून आत शिरली आणि जमखंडी, विजापूर, गुंटूर करत मछलीपट्टणमकडे गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात विल्यम हर्शेल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल उपकरणं मांडून बसले होते. भर पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे ढगांनी त्यांना फार सतावलं. गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले पिएर जान्सेन यांच्या वाट्याला मात्र चांगलं आकाश आलं.

झाकलेल्या सूर्याच्या कडेवर ज्या तांबूस ज्वाला दिसतात, त्या कशाच्या आहेत हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. उत्तर शोधायला हाताशी नवं साधन होतं: वर्णपटदर्शक. एका अरुंद फटीतून आलेला प्रकाश लोलकातून नेला की त्याचे रंग वेगळे होतात. तापलेला विरळ वायू सगळे रंग देत नाही, ठरावीक जागी मोजक्या तेजस्वी रेषा देतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात. गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ पडलं की ती पिवळीधमक होते, तो रंग सोडियमच्या दोन जुळ्या रेषांचा. ताऱ्यांचं रासायनिक घटन माणसाला कधीच कळणार नाही, असं तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँत यांनी 1835मध्ये लिहिलं होतं. पंचवीस वर्षांच्या आत किरखोफ आणि बुन्सेन यांनी ते कळण्याची वाट खुली केली.

ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या वायूच्या होत्या, मुख्यतः हायड्रोजनच्या. पाच-सहा मिनिटांत खग्रास अवस्था संपली. पण त्या रेषा इतक्या ठसठशीत होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असं जान्सेन यांच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्णपटदर्शकाची फट सूर्याच्या नेमक्या कडेवर आणली. रेषा तिथेच होत्या! वर्षानुवर्षं ग्रहणाची वाट पाहून हाती येणारं दृश्य आता रोज पाहता येणार होतं. माझ्या मते गुंटूरचा सर्वांत मोठा शोध हाच.

आणि पिवळी रेषा? ती अनेकांनी पाहिली. बहुतेकांनी ती सोडियमची धरली, कारण सोडियमची जागा अगदी शेजारी आहे. मछलीपट्टणमला नॉर्मन पॉगसन यांनी तेवढी ती ‘सोडियमच्या जागी किंवा त्या जागेजवळ’ अशा अर्थाची सावध नोंद केली.

लॉकियर यांनाही जान्सेन यांचीच कल्पना सुचलेली होती, पण त्यांचं उपकरण तयार व्हायला उशीर झाला. ते ऑक्टोबरमध्ये हाती आलं आणि 20 तारखेला त्यांना ग्रहणाशिवाय ज्वालांच्या रेषा दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली, आणि पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. लॉकियर यांनी पिवळ्या रेषेची जागा बारकाईने मोजली. सोडियमच्या रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरला, ही 587.6ला. फरक दीड नॅनोमीटरचाही नाही, पण ती सोडियमची नव्हती आणि पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात पदार्थाशी जुळत नव्हती. सूर्याच्या ग्रीक नावावरून तिच्या मालकाला हेलियम म्हटलं गेलं. केवळ एका रेषेच्या भरवशावर नवं मूलद्रव्य मानायला पुष्कळ रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

1895च्या मार्चमध्ये लंडनमध्ये विल्यम रॅम्झी आरगॉनच्या शोधात होते. क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची प्रक्रिया करून त्यांनी वायू गोळा केला, तर त्याच्या वर्णपटात एक झगझगीत पिवळी रेषा उमटली. सोडियमशी ती जुळेना. त्यांनी नमुना विल्यम क्रुक्स यांच्याकडे पाठवला. क्रुक्स यांनी मोजमाप करून निर्वाळा दिला: ही सूर्यावरचीच रेषा. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत हिलेब्रँड यांनी असाच वायू मिळवला होता, पण तो नायट्रोजन समजून सोडून दिला होता. युरेनियमच्या खनिजात हेलियम का असतो, हे रदरफर्ड यांच्या प्रयोगांतून नंतर कळलं: किरणोत्सर्गात बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचीच केंद्रकं.

रॅम्झी यांच्या शोधानंतर तीनच वर्षांनी, 22 जानेवारी 1898ला, पुन्हा खग्रास ग्रहणाची छाया पश्चिम भारतावरून जाणार होती, या खेपेस हिवाळ्याच्या निरभ्र आकाशात. एकसष्ट वर्षांचे सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर आले ते तेव्हा. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते; एकेका उपकरणावर एकेक तुकडी नेमून त्यांच्याकडून आधी कसून तालीम करून घेतली होती. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, तेवढ्यात लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या वर्णावरणाचे वर्णपट टिपायचे होते. ज्या वायूच्या नावावर लॉकियर यांनी सत्तावीस वर्षं शंका सोसली, त्याच्या रेषा आता ओळखीच्या झालेल्या होत्या.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या वेधशाळेची उपकरणं घेऊन उतरले होते. जवळच अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही होती. पुण्याची वेधशाळा नायगमवालांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून उभारलेली, आणि तिच्यातली 20 इंची दुर्बीण तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींपैकी एक. जेऊरच्या निरीक्षणांचा त्यांचा अहवाल 1902मध्ये छापून निघाला. ते निवृत्त झाल्यावर पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. विजयदुर्गाच्या कट्ट्यांवर 22 जानेवारी 1898 ही तारीख लावायला हवी, आणि तिथे येणाऱ्या मुलांना लॉकियर यांच्याबरोबर नायगमवालांचं नावही सांगायला हवं.