वांद्र्याची नर्स कुठल्या दप्तरात शोधाल?

घरोघरी जाणाऱ्या नर्सचा इतिहास अभ्यासणार असाल, तर आधी जुना नकाशा बघा. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा वांद्रे मुंबईत नव्हतंच; १९२० पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होतं. त्यामुळे मुंबई महापालिकेच्या अहवालात नर्स सापडली नाही, म्हणून 'नव्हती' असं लिहून मोकळं होऊ नका.

शोधायचं कोणत्या नावानं, हा खरा घोळ. नुसतं 'नर्स' नको. दाई, सुईण, हेल्थ व्हिजिटर, सगळं चाळा.

आणि १८९७ चा साथरोग कायदा वाचाच. सरकारी आरोग्य लोकांच्या दारात आलं ते झडती घ्यायला, रुग्ण उचलून न्यायला. पुढे बाळंतिणीची चौकशी करायला आलेल्या बाईला दार कुणी, कसं उघडलं? माझ्या मते प्रबंधाचा प्रश्न हा आहे.

वांद्र्यातले प्लेगच्या काळातले क्रूसही बघून या. काहींवर साल कोरलेलं आहे.