लेकीची इंजिनिअरिंगची शाखा कशी ठरवायची?

सीईटीचा निकाल लागला की जो तो विचारतो, "कॉम्प्युटर मिळेल का?" जणू दुसऱ्या शाखाच नाहीत. म्हणून आज शाखा म्हणजे काय ते समजून घेऊ.

मुंबईत अंधेरीहून घाटकोपरला मेट्रो जाते. मुंबईची ही पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. रस्त्यावरचे खांब आणि पूल हे सिव्हिलचं काम. चाकं, ब्रेक, दारं मेकॅनिकलची. वरच्या तारेतली २५ हजार व्होल्टची वीज इलेक्ट्रिकलची. सिग्नल इलेक्ट्रॉनिक्सचा, तिकिटांचा हिशेब कॉम्प्युटरचा. यातलं एकही काम अडलं तर गाडीचा खोळंबा. आपल्या गावातही तसंच आहे. बंधारा सिव्हिलचा, ट्रॅक्टर मेकॅनिकलचा, शेताकडची डीपी इलेक्ट्रिकलची.

मग लेकीला काय विचारायचं? कोणत्या विषयाचा अभ्यास ती न सांगता करते? तिला उन्हात, कामाच्या जागी उभं राहायला आवडेल की दिवसभर स्क्रीनसमोर बसायला? यंत्र बिघडलं तर ती उघडून बघते का? उत्तरं तिचीच हवीत, शेजाऱ्यांची नकोत. शिकलेलं नसलं तरी आपल्या लेकराचा कल आईला कळतो. तो बोलून दाखवा.

"हे मुलींचं काम नाही," असं कुणी म्हटलं तर मद्रासच्या ए. ललिता यांचं नाव सांगा. अठराव्या वर्षी त्या विधवा झाल्या, पदरात तान्ही मुलगी. तरी १९४३ मध्ये त्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या.

आता नियमाचं बघू. आपल्याकडे शाखा प्रवेशाच्या वेळीच ठरते. पहिल्या वर्षाचे गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग असे विषय बहुतेक शाखांना सारखेच असतात, म्हणून मुली म्हणतात, "नंतर बदलू." पण दुसऱ्या वर्षी हव्या त्या शाखेत जागा रिकामी असेल तरच बदल मिळतो, आणि तोही गुणांवर. त्या आशेवर नावडती शाखा घेऊ नका. घेतलीच असेल, तर पहिल्या वर्षी कसून अभ्यास करायचा आणि वरच्या वर्गातल्या मुलींना भेटून त्यांची प्रयोगशाळा बघून यायची.

कॅपचा फॉर्म भरताना खरी आवड पहिल्या क्रमांकावर लिहा. पहिला पर्याय मिळाला की तोच घ्यावा लागतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. कॉलेजांची नावंही नीट वाचा. अंधेरीला एकाच आवारात सरदार पटेलांच्या नावाची दोन इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. फॉर्ममधला कोड दोनदा तपासा. फक्त मुलींचं कॉलेज हवं असेल तर सांताक्रूझला एसएनडीटी विद्यापीठाचं उषा मित्तल इन्स्टिट्यूट आहे.

फीची काळजी असेल तर हे लक्षात ठेवा. वर्षाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून राज्य शासन भरतं. मात्र प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. होस्टेल आणि मेसचा खर्च वेगळा धरा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत बारावीच्या मुलींनाही बोलवा. त्यांचं म्हणणं आधी ऐका, मग फॉर्म भरा.