फूल कुठं पडलं?

पहाटे ५.३०

खांदमळणीच्या दिवशी माझा फोन कोंबड्याच्या आधी जागा होतो. उद्या पोळा. आज संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचे आणि उद्याच्या जेवणाचं आवतण त्यांना द्यायचं. गेले दोन महिने बैलाचा मालक डवऱ्यामागून चालत होता. डवऱ्यामागून बैलाचं शेपूट दिसतं, डोळा दिसत नाही. आता जू उतरलं, बैल धुवायला काढला, माणूस त्याच्या तोंडासमोर उभा राहिला आणि त्याला डोळ्यातलं पांढरं दिसलं. म्हणून दरवर्षी आजच्या दिवशी माझ्या दवाखान्यात डोळेच डोळे.

"मॅडम, बैलाच्या डोयात फूल पडलं जी."

सोबत फोटो. फ्लॅशनं डोळा काचेच्या गोटीसारखा चमकलेला, त्यातून काही कळत नाही. मी तीनच गोष्टी विचारते. एक डोळा की दोन्ही? पांढरं मधोमध की कडेनं? खाणं-रवंथ नीट आहे का?

फूल हा शब्द एक, पण त्याच्या पोटात दुखणी अनेक. एकाच डोळ्यात मधोमध ठिपका आणि खाणं नीट असेल, तर बहुधा डोळ्यांची साथ किंवा काट्याची जखम. दोन्ही डोळे कडेकडून आत पांढरे होत चाललेत, नाकातून घट्ट शेंबूड येतोय आणि अंग तापलंय, तर दुखणं डोळ्याचं नव्हेच. मेंढ्यांकडून गुरांत येणारा एक विषाणूचा ताप असा दिसतो. क्वचितच येतो, पण आला की बहुतेकदा जनावर नेतो. तसं असेल तर मीच आधी तिकडं धावते.

हा बैल खातोय. "नऊला घेऊन या."

सकाळी ८.३०

दर्यापूर-मूर्तिजापूरच्या पट्ट्यात अमरावती आणि अकोला जिल्ह्यांची शीव आहे, त्यामुळं माझ्याकडं दोन्हीकडची गुरं येतात. शकुंतला रेल्वेच्या रुळांत गवत माजलंय. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आणि तूर, बांधाला बाभळी. चार दिवस पाऊस, चार दिवस ऊन, आणि शेणावर माश्यांची चंगळ. डोळ्यांच्या साथीला याहून वेगळं काही लागत नाही.

सकाळी ९

दवाखान्यापुढं पाच जोड्या. फोनवाल्याचा बैल मान खाली घालून, उजवा डोळा मिटून उभा. गालावर आसवांचा ओघळ, त्यावर माश्या. लगेच खोड्यात घालत नाही. आधी लांबून पाहते: उन्हाकडं तोंड करतो का, पापणी किती मिटतो. मग डोळ्यासमोर हात नेते. इथं बहुतेक जण चुकतात. जोरात हात हलवला की वारा लागतो, आणि वाऱ्यानं आंधळा डोळासुद्धा मिटतो. हात सावकाश न्यायचा, वारा होऊ न देता.

त्यानंतर वेसण धरून डोकं एका बाजूला बांधायचं. टॉर्चच्या उजेडात बुबुळाच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग. फ्लुरोसीनची पट्टी ओली करून लावली, डोळा धुतला. डाग हिरवागार. डोळ्याचा वरचा थर शाबूत असेल तर हा रंग धरत नाही. धरला म्हणजे तिथं जखम आहे.

"आजवर काय घातलं?"

"पह्यले मीठ-पानी चुळीनं मारलं. मंग मेडिकलातून ट्यूब आनली."

ट्यूब पाहते. प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड. अशी ट्यूब घातली की लाली ओसरते, माणसाला बरं वाटतं आणि आत जखम खोल जाते. काही वेळा बुबुळाला भोक पडतं. जिथं रंग हिरवा, तिथं स्टेरॉइड नाही, हे मी दिवसातून दहादा सांगते.

दुखणं साथीचं. मोराक्सेला बोव्हिस नावाचा जिवाणू माश्यांच्या पायांवरून एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जातो. ऊन आणि धूळ त्याला वाट करून देतात. लांब टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन किलोमागं २० मिलिग्रॅम. बैल ४०० किलोचा, म्हणजे मिलीत २०० मिलिग्रॅमचं औषध ४० मिली, तेही चार जागी, एका जागी १० मिलीपेक्षा जास्त नाही. वेदनेसाठी ॲट्रोपिनचे थेंब. त्यानं बाहुली मोठी होते आणि ऊन सहन होत नाही, म्हणून जुन्या जीन्सचा तुकडा डोळ्याभोवती डिंकानं चिकटवायचा, खालची कड मोकळी ठेवायची म्हणजे आसवं वाहतील. हा बैल बाकीच्या ढोरांपासून वेगळा बांधायचा.

"डोया धुवाले पानी कोनतं घेऊ? हिरीचं?"

प्रश्न बरोबर आहे. हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी आधीच खारट, किती ते कुणी मोजलेलं नसतं. पिण्याचं गोडं पाणी उकळून गार करायचं, त्यात मीठही नको.

"फूल जाईन का?"

"जखम भरेल. डाग महिन्याभरात फिका होईल, पुसटशी खूण राहू शकते. नजर वाचेल."

"अन् उद्या तोरनाखाली नेता येईन का?"

"दोन दिवस गर्दीत नको. दुसऱ्यांच्या बैलांना लागेल."

त्याचा चेहरा पडतो.

सकाळी १०.३०

दुसऱ्या जोडीतल्या गोऱ्ह्याचा डोळा लाल, सतत गळणारा, पण बुबुळ स्वच्छ. भुलीचे थेंब टाकून थोडं थांबले आणि तिसरी पापणी चिमट्यानं उचलली. आत दोऱ्याचे पांढरे तुकडे असावेत तसे बोटाच्या पेरापेक्षा लहान जंत वळवळत होते. मालक दोन पावलं मागं सरला. हे डोळ्यातले जंत, थेलाझिया. आसवं चाटणाऱ्या माश्या यांची पिल्लं डोळ्यात सोडून जातात. एकेक करून सात काढले, डोळा सलाइननं धुतला, लेव्हामिसोलचं इंजेक्शन दिलं. कोठ्यात शेण साचू दिलं नाही तर अर्धं औषध तिथंच झालं.

दुपारी १२

एका गाईच्या मालकाचं म्हणणं, "डोयात साप फिरते." खरंच फिरत होता. पापणीखाली नव्हे, बुबुळाच्या मागच्या पाण्यात, केसासारखा बारीक, नागमोडी. हा सेटारिया. गुरांच्या पोटाच्या पोकळीत तो राहतो आणि तिथं सहसा काही बिघडवत नाही. त्याची पिल्लं डास वाहून नेतात, आणि एखादं वाट चुकून डोळ्यात शिरतं. तिथं नुसतं औषध देऊन भागत नाही. मेलेला किडा आतच राहिला तर डोळा आणखी सुजतो. भूल देऊन बुबुळाच्या कडेला सुईनं छेद घेतला की आतल्या पाण्यासोबत किडा बाहेर येतो. हे काम खोड्यात, माझ्या एकटीच्या हातानं करायचं नाही. अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेची चिठ्ठी दिली. "आजच न्या. डोळा धुरकटला की किडा दिसत नाही, मग काढणार कसा?"

दुपारी २

डबा आणि नोंदी. प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा अंक, औषध, मात्रा. गाय दुभती असेल तर दूध किती दिवस घरात वा डेअरीत द्यायचं नाही, ते लिहून मालकाला वाचूनही दाखवते.

दुपारी ४

गावभेट. पांढऱ्या म्हाताऱ्या बैलाच्या तिसऱ्या पापणीवर फुलकोबीसारखी गाठ. कातडी फिकी आणि आयुष्य उन्हात, असल्या डोळ्यांत कर्करोगाची भीती असते. गाठ अजून लहान आहे. पापणीसकट काढली तर डोळा राहील. पोळा झाला की परवाचा दिवस ठरवला. शेजारच्या गाईच्या डोळ्यात जुना, घट्ट पांढरा डाग. २०२२च्या लम्पीची ती खूण. त्या साथीत पापण्यांवर गाठी आलेल्या कितीतरी गुरांचे डोळे असेच गेले. तिथं आता औषध नाही, हे सांगावंच लागतं.

निघताना शिंगं रंगवणाऱ्या पोरांना थांबवते. ऑइलपेंट पातळ करून कपाळावर ओघळू देऊ नका, गुलाल तोंडावर उधळू नका. पोळ्याच्या करीला माझ्याकडं निम्मे डोळे त्यानंच येतात.

संध्याकाळी ६.४५

या घरी मी मुद्दाम दिवेलागणीला आले. चार महिन्यांचं वासरू दिवसा उड्या मारतं, अंधारलं की गव्हाणीवर आपटतं. डोळे स्वच्छ, फूल नाही, पाणी नाही. वाटेत बादली ठेवली. वासरू सरळ तिच्यावर गेलं. बाहुल्या मोठ्या, टॉर्चलाही आळसटल्यासारख्या आकसतात.

"गाय उन्हाळ्यात काय खात होती?"

"कुटारच जी. हिरवं कुठून आनावं?"

"आणि चीक?"

घरातली म्हातारी हसली. "खर्वस केला ना. गल्लीत वाटला."

उत्तर तिथंच मिळालं. सुक्या कुटारात कॅरोटिन जवळजवळ नसतं. गाईच्या यकृतातला अ जीवनसत्त्वाचा साठा उन्हाळाभरात संपला, आणि चिकातून जे थोडं वासराला मिळायचं ते गल्लीनं खाल्लं. किलोमागं ४४० एककं या हिशेबानं ८० किलोच्या वासराला सुमारे ३५,००० एककांचं इंजेक्शन, आणि रोज धुऱ्यावरचं हिरवं गवत, शेवग्याचा पाला. रातांधळेपणा अजून नवा आहे, उतरेल. डोळ्याची नस एकदा दबली असती तर कुठल्याच इंजेक्शननं उजेड परतला नसता.

"म्हातारे, पुढच्या वेळी आधी वासरू, मग खर्वस."

"हाव, बाई."

रात्री ८

परतीच्या वाटेवर सकाळच्या बैलाचं घर. डोळ्यावर जीन्सची पट्टी घट्ट बसलीय. बैल वेगळा बांधलाय, पुढ्यात हिरवा चारा. मालक त्याच्या खांद्यावर हळद-तूप चोळतोय.

"तोरनाखाली नाई नेत उद्या. घरीच पुजतो. बाशिंग मोठं आनलं, पट्टी झाकते."

खांदे मळून झाले. त्यानं हात पुसले, जोडीदार बैलाच्या तोंडासमोर गेला आणि पोराला जवळ बोलावलं. पोरानं डोळ्यापुढं झपकन हात नेला.

"तसा नाई," बाप म्हणाला. "वारा नाई लागू द्याचा. असा. हयू."