दमवून चपळाई येत नाही
शाळकरी खेळाडूंच्या सरावाविषयी चार गोष्टी



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. गटागटांतून फिरताना उसाची चौकशी आटोपली, की बरेच सभासद पोरांचा विषय काढतात. "साहेब, पोरगी खो-खो खेळतीया. तालुक्याला पहिली आली, पण पुढं गेलं की मागं पडतीया. रोज पहाटे पळवतोय, तरी असं का?" हा प्रश्न आम्हांला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे वाटले.

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. आपल्या कोल्हापूर विभागात सांगली, सातारा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हेही येतात. म्हणजे जिल्हा जिंकून वर गेलेल्या आपल्या मुलामुलींची गाठ आंबा घाटाखालच्या रत्नागिरीकरांशी पडू शकते. रत्नागिरीचा खो-खो काय चीज आहे, ते ऐश्वर्या सावंत आणि अपेक्षा सुतार या तिथल्या खेळाडूंनी महाराष्ट्राच्या संघातून खेळून दाखवले आहे. तिकडे आपल्यासारखी उसाची शिवारे नाहीत, साखर कारखाना नाही. जांभ्याचा कातळ, लाल माती आणि पावसाळाभर धो-धो पाऊस. मैदान म्हणावे तर सपाटीची जागा शोधावी लागते. पण खो-खोला मोठी जागा लागतच नाही, आणि चपळाईलाही लागत नाही. खेळ नीट पाहिला, तर सराव कसा करावा हे त्यातच लिहिलेले आहे.

खो-खो काय शिकवतो

खो-खोचे मैदान सुमारे २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब. मधल्या पाटीवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले, आणि नववा पाठलागावर. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली, की मागे वळता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठूनही कसेही पळता येते. त्यामुळे या खेळात सरळ रेषेत लांब धाव जवळजवळ नाहीच. चार-पाच पावले जोरात, मग थांबणे, हुलकावणी, वळणे, पुन्हा चार पावले. बसलेल्याला पाठीमागून 'खो' मिळताच एका झटक्यात उठावे लागते.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वेग म्हणजे सरळ जोरात पळणे. चपळाई म्हणजे समोरचे पाहून, क्षणात ठरवून, थांबून, वळून पुन्हा वेग घेणे. वेग पायांत असतो. चपळाईला पाय, डोळे आणि डोके तिन्ही लागतात. गावाला रोज दोन फेऱ्या मारल्याने दम वाढेल, पण यातले काहीच वाढणार नाही. जे पेराल तेच उगवणार. सावकाश पळण्याचा सराव केला, तर पोर सावकाश पळण्यातच तरबेज होईल.

विश्रांती हा सरावाचाच भाग

पूर्ण जोराने पळताना स्नायू आपल्याजवळची तयार शिदोरी वापरतात. ती फार थोडी असते. साधारण सहा ते दहा सेकंदांत संपत येते. शांत उभे राहिले, की अर्ध्या मिनिटात निम्मी भरते आणि तीनेक मिनिटांत बहुतेक सगळी. ती भरायच्या आत पोराला पुन्हा पळवले, तर ते पळते, पण पूर्ण वेगाने नव्हे. पाय जड पडतात, पाऊल वाकडे पडते आणि शरीर नेमकी तीच चुकीची हालचाल शिकते.

उसाला महिन्याचे पाणी एकाच दिवशी पाजून चालत नाही, हे आपल्याला सांगावे लागत नाही. पाळी ठरवून, वाफसा पाहूनच पाणी द्यावे लागते. इथेही तसेच. प्रशिक्षक मंडळींचा एक साधा ठोकताळा आहे : पूर्ण जोराने पळलेल्या प्रत्येक १० मीटरला सुमारे एक मिनिट विश्रांती. म्हणजे २० मीटर पळाले, तर दोन मिनिटे थांबायचे. बघणाऱ्याला वाटते, पोरं नुसती उभी आहेत, टाइमपास करतात. तसे नाही. आणि वेळ घसरू लागली, पावले जड झाली, की त्या दिवशीचा वेगाचा सराव तिथेच थांबवायचा.

घरच्या घरी करता येणारे सराव

महागडे साहित्य काही लागत नाही. खुणांसाठी नारळाच्या करवंट्या, आखायला चुना किंवा सुतळी, आणि एक घड्याळ एवढे पुरे. उसाची कांडकी किंवा दगड मात्र खुणेला ठेवू नयेत. पाय पडला तर घोटा मुरगळतो.

सुरुवात अंग तापवण्याने. दहा-बारा मिनिटे सावकाश पळणे, गुडघे वर उचलून चालणे, टाचा मागे मारत पळणे, बाजूने सरकणे, हातपाय मोकळे करणे. थंड अंगाने एकदम जोर केला, की मांडीमागची शीर भरते. मग पुढील सराव घ्यावेत.

१) बैठकीतून उठणे. खो-खोच्या बैठकीत बसायचे. मागून कोणीतरी 'खो' म्हणताच उठून ५ ते १० मीटर पूर्ण जोराने पळायचे. सहा वेळा. पहिली तीन पावले लहान, जोरकस, अंग पुढे झुकलेले. धावण्याच्या शर्यतीत उतरणाऱ्यालाही हाच सराव उपयोगी पडतो.

२) थांबण्याचा सराव. हा सगळ्यांत दुर्लक्षित. गाडीला ब्रेक नसेल, तर वेग काय कामाचा? दहा मीटर पळून खुणेवर थांबायचे. थांबताना कंबर खाली, पावले लहान, गुडघे पावलांच्या रेषेत. गुडघे एकमेकांकडे आत झुकत असतील, तर वेग कमी करून पुन्हा शिकवावे. थांबणे जमल्यावरच वळणे शिकवावे. बाळबांधणी झाल्याशिवाय कोणी मोठी बांधणी करतो का?

३) ये-जा धाव. दहा मीटरवर दोन रेषा. पलीकडे दोन लाकडी ठोकळे. एक आणून ठेवायचा, मग दुसरा. एकूण ४० मीटर होतात. ठोकळा फेकायचा नाही, वाकून ठेवायचा. चार फेऱ्या पुरे, आणि वरचा हिशेब पाहता मध्ये चार मिनिटांची विश्रांती.

४) नागमोडी धाव. दोन-दोन मीटरवर आठ करवंट्या. मधून नागमोडी जायचे, शेवटच्या खुणेला खांब समजून वळसा घालायचा आणि परत यायचे. खो-खोतली एकेरी साखळी म्हणजे हेच.

५) सावली. दोन मुले समोरासमोर, मध्ये दोन मीटर. एक डावी-उजवीकडे सरकतो, हूल देतो. दुसऱ्याने त्याची सावली व्हायचे. दहा सेकंद, मग विश्रांती, मग अदलाबदल. आमच्या मते सगळ्यांत मोलाचा सराव हाच, कारण यात पुढचे पाऊल कुठे पडणार हे आधी ठाऊक नसते.

६) शिडी. हल्ली शाळांतून जमिनीवर टाकायची दोरीची शिडी आली आहे. ती नसेल, तर चुन्याने हातभर लांबीचे दहा चौकोन आखावेत. एक पाय, दोन पाय, आत-बाहेर अशी पावले टाकायची. यामुळे पावले नीट पडू लागतात. पण ते पाठांतर आहे, एवढे लक्षात ठेवावे. शिडीवर झरझर पावले टाकणारे पोर मैदानात चपळ असेलच असे नाही. शिडी पाच मिनिटे, सावली दहा मिनिटे, हे प्रमाण ठेवावे.

७) उड्या. दोन्ही पायांनी पुढे उडी मारून मांजरासारखे अलगद उतरायचे. आवाज जितका कमी, तितके चांगले. सगळ्या मिळून एका दिवसात तीस-चाळीस उड्या पुष्कळ झाल्या. कातळावर किंवा सिमेंटवर उड्या नकोत.

आणि शेवटी खेळ. आपली लंगडी आणि आट्यापाट्या हे चपळाईचे उत्तम सराव आहेत. आट्यापाट्यांत पाटी ओलांडताना जी हूल द्यावी लागते, ती कोणतीही शिडी शिकवत नाही.

आठवड्याची आखणी

वेगाचा आणि चपळाईचा सराव आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड करून. एका वेळी पाऊण तास. त्यात अंग तापवणे पंधरा मिनिटे, वरीलपैकी तीन किंवा चार सराव मिळून वीस-पंचवीस मिनिटे, उरलेला वेळ खेळ. सातही सराव एकाच दिवशी उरकू नयेत. एक दिवस पूर्ण सुट्टी. असे आठ आठवडे नेमाने झाले, तर फरक दिसतो. शाळा जूनमध्ये उघडतात, सामने पावसाळ्यात आणि त्यानंतर सुरू होतात. म्हणजे तयारीचे दिवस नेमके पावसाचे. त्याला उपाय आहे. सावली, शिडी, बैठकीतून उठणे आणि थांबणे यांना शाळेचा कोरडा व्हरांडा पुरतो. निसरड्या मैदानावर वळण्याचा सराव मात्र अजिबात घेऊ नये.

प्रगती मोजायची तर दर चार आठवड्यांनी ५० मीटर धाव आणि ये-जा धाव यांची वेळ वहीत लिहावी. मैदान तेच, वेळ तीच, घड्याळ धरणाराही तोच असावा. दुसऱ्याच्या पोराशी तुलना नको. आपल्या पोराच्या मागच्या आकड्याशी करावी. तेरा ते पंधरा वर्षांत काही मुले एकदम उंच होतात आणि काही महिने अडखळतात. ती आळशी झालेली नसतात. अंग वाढत असते. अशा वेळी गुडघ्याखालच्या उंचवट्याला किंवा टाचेला दुखू लागले, तर दामटून पळवू नये. सराव कमी करावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

मुलींच्या गुडघ्याविषयी

उडी मारणे, एकदम थांबणे आणि वळणे असलेल्या खेळांत मुलींच्या गुडघ्याच्या आतल्या दोरीला इजा होण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. ती एकदा तुटली, की वर्षभर मैदान बंद, कधी कायमचे. पण हे टाळण्याजोगे आहे. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर एक मोठा प्रयोग झाला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. सरावाआधी वीसेक मिनिटे पळणे, तोल, पायांची ताकद आणि नीट उतरणे यांचे ठरावीक व्यायाम करणाऱ्या मुलींत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. वर सांगितलेले थांबणे आणि अलगद उतरणे त्याच जातीचे आहे. म्हणून हे दोन सराव मुलींनी कधीही गाळू नयेत.

सभासदांनी काय करावे

शाळेचे सर त्यांचे काम करतील. घरचे काम आपले. सरावाच्या दिवशी पोराच्या डोक्यावर वाढ्यांचा भारा देऊन मग त्याला मैदानावर धाडू नये. दमलेल्या पायांना वेग शिकवता येत नाही. कामाला आमची ना नाही, ते सुट्टीच्या दिवशी करू द्यावे. रात्री आठ-नऊ तास झोप हवी. खाण्यात भाकरी, उसळ, पालेभाजी, दूध आणि चालत असेल तर अंडे. सरावाआधी तासभर गूळ-शेंगदाणे आणि बरोबर पाण्याची बाटली. मुलगी लवकर धापा टाकत असेल, फिकट दिसत असेल, तर आधी रक्त तपासून घ्यावे. अंगात रक्त कमी असेल, तर कितीही सराव केला तरी तो वाया जातो.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दहावी झाली, की पोरीला मैदानावरून उठवायचे, ही आपल्याकडची रीत अजून गेलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष, दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते : प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. सगळ्यांची पोरं तिथवर जाणार नाहीत, हे खरे. पण राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, आणि पोलीस शिपाई भरतीत ५० गुणांच्या मैदानी चाचणीत १०० मीटर धावण्याला १५ गुण आहेत. एकरभर उसावर दोन-तीन भावांचे भागत नाही, हे आपण सगळे जाणतो. मग शेतापलीकडची ही वाट पोरीसाठी आपण आपल्या हाताने का बंद करावी?

ज्या शाळांना मैदान आखून हवे असेल, त्यांनी आमच्या गट कार्यालयात कळवावे. शेत मोजायचा टेप आमच्याकडे आहेच, आणि खांबांची जागा धरून चौकोन आखून द्यायला तासाभराच्या वर वेळ लागत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी